निरोपाचा हात

"उद्यापासून हा नाच ऋजुता करील," कारखानीस बाई म्हणाल्या. "तू तिला शिकवायचास. पंधरा दिवस आहेत."

क्लास सुटला होता. मुली जिना उतरत होत्या, खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, आणि मी भिंतीजवळच्या दांडीला धरून दम खात होते. मला वाटलं, ठोकाठोकीत माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, कुठला नाच? बाईंनी कॅसेट प्लेअरची वायर गुंडाळली, कपाटाला कुलूप लावलं, आणि मगच माझ्याकडे पाहिलं.

"वेड पांघरू नकोस, संजीवनी. आपल्याकडे दाखवण्यासारखा एकच नाच आहे."

आज मी पंचावन्न वर्षांची आहे. ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. पुण्यात शंकरशेट रस्त्यावर, एका मोटार गॅरेजच्या वरच्या मजल्यावर बाईंची बॅले शाळा होती. बाई तरुणपणी मॉस्कोत शिकून आलेल्या. पाठ ताठ, केस करकचून बांधलेले, आवाज कधी चढत नसे. त्या वर्षी त्यांच्या जुन्या ओळखीतून रशियातल्या एका नृत्यशाळेचे दोन परीक्षक येणार होते. एका मुलीला निवडून दोन वर्षं शिकायला नेणार होते. बाईंनी आठ महिने एक नाच माझ्यावर बसवला होता. त्याचं नाव 'निरोप'. एक बाई कुणाला तरी सोडायला जाते, ते माणूस निघून जातं, आणि ही परत फिरते. बस, एवढंच. चार मिनिटं.

त्या चार मिनिटांसाठी बाईंनी हॉलमधले सगळे आरसे चादरींनी झाकले होते. पहिला महिनाभर त्यांनी मला एक गिरकीसुद्धा घेऊ दिली नाही. फक्त चालायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणाला तरी सोडून परत येताना माणूस चालतं तसं. मी चालले की त्या म्हणत, "तू चालत नाहीस, चालून दाखवते आहेस." मी चेहऱ्यावर दुःख आणलं की म्हणत, "जा, चेहरा धुऊन ये." मी खरंच मोरीवर जाऊन तोंड धुऊन येत असे. पाचव्यांदा धुतलं तेव्हा मला कळलं की त्यांना चेहरा रिकामा हवा आहे. जे काय व्हायचं ते पाठीत, मानेत, पावलाच्या उचलण्यात.

मग हळूहळू एकेक गोष्ट सापडत गेली. मान वळते तेव्हा डोळे तिच्याबरोबर वळवायचे नाहीत. ते किंचित मागे राहू द्यायचे, गेलेल्या माणसापाशी. पियानोचा सूर येतो त्याच क्षणी पाऊल टाकायचं नाही. सूर येऊन गेल्यावर, आता नाइलाजच आहे म्हटल्यासारखं टाकायचं. श्वास पाऊल टाकण्याआधी घ्यायचा आणि सोडायचा मात्र पाऊल पडून गेल्यावर. ऐकायला साध्या गोष्टी. एकेकीला तीन-तीन आठवडे लागले.

आणि सहाव्या महिन्यात एके दिवशी तो हात आला. निरोपाला वर गेलेला हात गाडी दिसेनाशी झाल्यावरही वरच राहिला. मग खाली आला, आणि कमरेशी झग्याला पुसला गेला, ओला असल्यासारखा. मी ठरवून केलं नव्हतं. बाईंनी कॅसेट थांबवली. हे कुठून आणलंस, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते खोटं होतं. मला नेमकं माहीत होतं. बाई म्हणाल्या, "राहू दे ते." त्यांच्या तोंडून एवढं ऐकणं म्हणजे गळ्यात हार पडल्यासारखं होतं.

तोच नाच आता बाई मला ऋजुता दांडेकरला, क्लासमधल्या सगळ्यांत लांब पायांच्या मुलीला, द्यायला सांगत होत्या.

मी कारण विचारलं. बाईंनी ते लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मला खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "तिथे टेप घेऊन मोजतात. पायाची लांबी, धडाची लांबी, मानेची उंची. तुझे पाय आखूड आहेत, खांदे रुंद आहेत. तुझा नाच सुरू व्हायच्या आत ते तुला बाद करतील. ऋजुताला ते पुरती पाहतील. पण पाहून पाहून काय पाहणार? तिच्यात काही घडतच नाही. तुझ्यात घडतं. ते तिला दे. शाळेतून एक तरी मुलगी जाऊ दे, नाहीतर ही शाळा मी बंद करणार आहे."

"आणि मी?"

"तू माझ्याजवळ राहशील. शिकवशील. तुला शिकवता येईल."

उलट बोलायची मला सवय नव्हती. बाईंचे माझ्यावर उपकार होते, आणि ते आमच्या घरात रोज मोजले जात. माझे वडील, अण्णा, चांभार. भवानी पेठेतल्या आमच्या एका खोलीत ते बूट शिवत. टोकावर उभं राहायचे साटीनचे बॅलेचे बूट तेव्हा पुण्यात कुठे मिळत नसत. बाईंनी मॉस्कोहून आणलेला एक जुना जोड अण्णांनी उसवून पाहिला, आणि कापड, कागद, खळ, सरस यांचे थरावर थर देऊन तसाच टणक चवडा बनवला. सहा जोड वाया गेले, सातवा जमला. तेव्हापासून शाळेतल्या सगळ्या मुली आमच्या, आगवणेंच्या, बुटांत नाचत होत्या. आई त्या बुटांना फिती शिवायची. मी नऊ वर्षांची असताना अण्णांबरोबर बूट पोचवायला गेले, जिन्यात उभी राहून आतल्या मुलींची नक्कल करत होते, आणि बाईंनी मला पाहिलं. माझं पाऊल हातात घेऊन कमान पाहिली आणि म्हणाल्या, आत ये.

मी आत गेले. अण्णा दहा वर्षं उंबऱ्याबाहेरच राहिले. मापाचे कागद मुलींच्या आया घरूनच आखून आणायच्या आणि उंबऱ्यावर ठेवायच्या, म्हणजे अण्णांना कुणाच्या पावलाला हात लावावा लागत नसे. मला ते कितीतरी वर्षं दिसलंच नाही. दिसायला लागलं तेव्हा मी त्याच हॉलमध्ये आरशासमोर उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून मी ऋजुताला शिकवायला लागले, आणि चुकीचं शिकवायला लागले.

अगदी बेतून. पावलं सगळी बरोबर दिली, नाहीतर बाईंनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. मी तिला सांगितलं, हात जातो तिकडे बघ. सांगितलं, सूर आणि पाऊल एकदम पडू दे. सांगितलं, वळताना श्वास धरून ठेव, पाठ छान दिसते. खरोखरच तिची पाठ छान दिसायची. तिचं सगळंच छान दिसायचं. पाय उचलला की कानाला लागायचा, आणि मांडी थरथरायची नाही. आणि नाच मात्र मेलेला. मी कोपऱ्यात उभी राहून तो मरताना बघायचे आणि मला बरं वाटायचं.

हाताचं मी तिला सांगितलंच नाही. हात खाली येतो, म्हटलं, आणि नाच संपतो.

आठव्या दिवशी बाईंनी पाहिलं. पुरतं पाहिलं, मधे थांबवलं नाही. मग सगळ्या मुलींसमोर ऋजुताला म्हणाल्या की तू लाकडाची बाहुली आहेस, आणि तीसुद्धा महागातल्या दुकानातली; ही मुलगी एवढी तुझ्यामागे राबते आहे आणि तुझ्यात काडीचा फरक नाही. ऋजुता मान खाली घालून ऐकत राहिली. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं, आता ही सांगणार, मला असंच शिकवलं आहे म्हणून. तिने सांगितलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत ती बूट सोडत होती. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. बोटांभोवतीचा कापूस रक्ताने चिकटला होता, तो ती पाणी लावून लावून सोडवत होती.

"तू मला चुकीचं शिकवतेस," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

"हो."

"मी तुला महिनोन्महिने बघते आहे. तुझे डोळे हाताकडे नसतात."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? त्या तुला रागावल्या असत्या. मला नाच आला नसता." तिने कापूस ओढून काढला आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "संजीवनी, माझे पाय वर जातात म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. लहानपणापासून. मला त्याचा वीट आलाय. तू हात नुसता खाली आणतेस आणि मला घशात दुखतं. मला ते पाहिजे. मागून मिळत नसेल तर चोरीन, पण मला ते पाहिजे."

तिने माफी मागितली असती तर मी तिला कधीच काही दिलं नसतं. पण ती भूक मला ओळखीची होती. मी जिन्यात उभी राहून नक्कल करायचे तेव्हा माझ्या पोटात तीच होती. मला तिचा राग आला, आणि तिला ओळखलं म्हणून स्वतःचाही आला. दुसऱ्या दिवशी मी तिला डोळ्यांचं सांगितलं. मग सुराचं. मग श्वासाचं. हात दिला नाही. हात माझ्या मालकीचा होता, निदान तेव्हा मी तसं धरून चालले होते.

परीक्षक आले ते सकाळी दहाला. पांढऱ्या केसांची एक बाई, आणि वही घेतलेला एक टक्कल पडलेला माणूस. त्याच्या कोटाच्या खिशात खरंच टेप होती. भिंतीलगत खुर्च्या मांडल्या होत्या; त्यांवर काही मुलींच्या आया बसल्या होत्या, ऋजुताची आई पहिल्या खुर्चीवर. ऋजुताचे बूट नवे होते, ऐनवेळी काही झालं तर हाताशी असावेत म्हणून बाईंनी अण्णांना बोलावून घेतलं होतं. ते उंबऱ्याबाहेर गोणपाटावर बसले होते, शेजारी आरी, दोरा आणि सरसाचा डबा. मी आतल्या बाजूला, दारालगतच्या दांडीपाशी उभी होते. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं आणि मधे उंबरा.

सगळ्या मुलींना मोजलं. मलाही मोजलं. त्या माणसाने माझ्या मांडीवर टेप धरली, वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या मुलीकडे गेला. बाईंनी म्हटलं होतं ते खरं होतं. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मग कॅसेट सुरू झाली आणि ऋजुता नाचली.

मी आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही, पण ती फार चांगली नाचली. डोळे मागे राहत होते. पाऊल नाइलाजाने पडत होतं. माझ्या आखूड पायांत जे कोंडलं जायचं ते तिच्या लांब पायांतून वाहत होतं. मला तिच्यात काहीतरी चूक हवी होती, आणि ती सापडत नव्हती. मग शेवट आला. हात वर गेला. गाडी दिसेनाशी झाली. हात वरच राहिला, आणि मग खाली येऊन कमरेशी झग्याला पुसला गेला.

तिने चोरला होता. सांगून चोरला होता. बरोबर चोरला होता.

कॅसेट संपली. आणि माझ्या पाठीमागे अण्णा उठून उभे राहिले. दहा वर्षांत त्या दारात त्यांनी "झाले बाई", "परवा देतो बाई" याखेरीज तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी माझा नाच कधी पाहिला नव्हता. ऋजुताचा तोच पहिला पाहिला.

"बाई," ते म्हणाले, "त्यो हात आमच्या घरातला हाय."

आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या खुर्च्या वळल्या. पांढऱ्या केसांच्या बाईने कारखानीस बाईंना काही विचारलं. काय म्हणतोय हा, असंच असणार. बाई रशियनमध्ये एकच वाक्य बोलल्या, हसून. मला रशियन येत नाही. पण एक शब्द मला लहानपणापासून येत होता, कारण बाई अण्णांच्या मालाला तोच शब्द वापरायच्या. तुफ्ली. बूट.

टेपवाल्या माणसाने ऋजुताच्या पायांकडे पाहिलं आणि बूट चांगले आहेत अशा अर्थाने अण्णांकडे बघून मान हलवली.

माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. पंधरा दिवस साठलेलं होतं ते, की दहा वर्षं, कोण जाणे. मी दांडी सोडून हॉलच्या मधोमध गेले. माझं इंग्रजी शाळेपुरतं होतं, पण तेवढं पुरलं. मी त्या बाईला सांगितलं की माझे वडील बुटांबद्दल बोलले नाहीत. ते म्हणाले की तो हात आमच्या घरचा आहे. तो माझ्या आईचा हात आहे. हा नाच मी केलेला आहे आणि मला तो हिला शिकवायला लावला.

"संजीवनी, बाजूला हो," बाई मराठीत म्हणाल्या.

मी झाले नाही. पांढऱ्या केसांच्या बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. त्या सकाळी पहिल्यांदाच. मग तिने मोडक्या इंग्रजीत ऋजुताला विचारलं, खरं आहे का हे? ऋजुताची आई खुर्चीवरून अर्धी उठली होती. ऋजुता धापा टाकत उभी होती. ती म्हणाली, "हो. खरं आहे. हात तर तिने मला दिलाही नव्हता, मी घेतला."

ती बाई टेपवाल्याशी काहीतरी बोलली. तो खांदे उडवून वहीत लिहीत राहिला. मग ती बरंच बोलली, आणि कारखानीस बाईंनी ते सगळ्यांसाठी मराठीत सांगितलं. हे भाषांतर मात्र त्यांनी बिनचूक केलं. परीक्षकांचं म्हणणं असं की मुलगी उत्तम आहे, पाठ आणि पाय हवे तसे आहेत, तिला घेता येईल. शेवटचा तो हात त्यांना गरजेचा वाटला नाही. जास्तीचा अभिनय वाटला. तिथे आल्यावर असल्या सवयी मोडाव्या लागतील.

जास्तीचा अभिनय. ज्या हातासाठी मला सोललं, तो त्यांना नकोच होता. पाय हवे होते, ते पहिल्यापासून तिच्याजवळ होते.

परीक्षक चहाला आत गेले. बाई जिन्यापर्यंत माझ्यामागे आल्या. अण्णा खाली बसून सामान पिशवीत भरत होते. तुझ्या वडिलांनी तोंड उघडायची ही वेळ होती का, असं बाईंनी मला विचारलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "नऊ वर्षांची होतीस. मी तुला आत घेतलं होतं, हे विसरू नकोस."

"नाही विसरत," मी म्हटलं. "मला आत घेतलंत, आणि अण्णांना दहा वर्षं दारात बसवलंत. तेही नाही विसरत."

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला काही दिसलं. ते काय होतं ते बघायला मी थांबले नाही. पायातले बूट काढले, तिथेच ठेवले, आणि अनवाणी जिना उतरले. पुन्हा चढले नाही.

घरी पोचलो तेव्हा आई दाराशी उजेडात बसून फिती शिवत होती. आम्ही दोघं एकदम, भर दुपारी, आणि मी अनवाणी, म्हणून तिने विचारलं काय झालं. अण्णा पाणी प्यायले आणि त्यांनी सगळं सांगितलं. रशियन बाई, टेप, ऋजुता, हात. मधे मधे त्यांचं वाक्य तोडून मी भर घालत होते. चोर आहेत, म्हणत होते. आपलं घेतात आणि आपल्यालाच उंबऱ्यावर ठेवतात, म्हणत होते. सगळं खरं होतं. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "माजा हात? कसला हात?"

मी तिला नाचून दाखवलं. अण्णांची ऐरण आणि खाट यांच्यामधे जेवढी जागा होती तेवढ्यात. संगीत नव्हतं. मी परत फिरले, डोळे मागे ठेवले, हात वर नेला, वरच ठेवला, खाली आणला आणि कमरेशी पुसला. हॉलमध्ये कधी झाला नव्हता इतका तो खरा झाला. माझं मलाच कळलं.

आईने सुई साटीनमध्ये टोचून ठेवली.

इथे मला सांगितलं पाहिजे की मला एक थोरली बहीण होती. शोभाक्का. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बार्शीला दिलेली. पहिल्या सणाला आली होती, आणि परत जाताना आई, अण्णा आणि मी तिला स्वारगेटला एस्टीत बसवायला गेलो होतो. गाडी गेल्यावर आईचा हात तसाच वर राहिला, मग तिने तो खाली घेऊन लुगड्याला पुसला. ते मी पाहिलं. चार महिन्यांनी बाळंतपणात अक्का गेली. आम्ही पोचायच्या आत सगळं उरकलं होतं. म्हणजे स्वारगेटचं ते शेवटचं. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नसे. मी बाईंना सांगितलं नव्हतं, ऋजुताला सांगितलं नव्हतं. रिकाम्या हाताचं काय करावं ते आईला समजेना म्हणून तिने तो पुसला, असा मी आपल्या मनाशी अर्थ लावला होता आणि त्या अर्थावर दोन महिने नाचले होते.

"हे तू तितं रोज करत व्हतीस?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं.

"कुनाला इचारून?"

मला वाटलं, ती बाईंबद्दल, ऋजुताबद्दल विचारते आहे. मी पुन्हा त्यांचं सुरू केलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"त्येंचं सोड. त्या परक्या. तू कुनाला इचारलंस? मी एस्टी स्टँडावर उबी व्हते, माज्या लेकीला सोडाय गेलते. तू बाजूला उबी राहून माजं बगत व्हतीस, आनि त्ये उचलून नेलंस त्या बाईच्या म्होरं. शोभीचं नाव घ्यायची मला ह्या घरात चोरी, आनि तू तितं पेटी लावून नाचत व्हतीस."

तिचा आवाज चढला नाही. ती तशीच बसून होती. अण्णा भिंतीकडे बघत होते. सकाळपासून जेवढं बोलले होते ते सगळं फिरून माझ्याच अंगावर आलं होतं.

मग आई म्हणाली, "आनि त्ये तसं न्हवतंच."

"काय?"

"हात कशाला पुसला ते. तुला काय ठावं. ती खिडकीतनं हात सोडंना. गाडी हालली तवा सुटला. तिचा हात घामानं भिजल्याला. तिला लई घाम यायचा हाताला, लहानपनापासनं. त्यो माज्या हाताला लागल्याला. म्या पुसला लुगड्याला. सवयीनं." ती आपल्या तळव्याकडे पाहत होती. "चार म्हैन्यांनी सांगावा आला. तवापासनं रोज वाटतं, कशाला पुसला. राहू द्याचा व्हता."

मग तिने सुई उपसली आणि फीत शिवायला घेतली. त्या ऋजुताच्याच दुसऱ्या जोडाच्या फिती होत्या. अण्णांनी तो जोड पोचवला, आणि त्यानंतर बाईंसाठी बूट केले नाहीत. बाई वर्षभराने एकदा गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून आल्या होत्या. अण्णांनी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि बुटांना नाही म्हणाले. त्यांची शाळा पुढे दोन-तीन वर्षांत मिटली. ऋजुता परत आली ती पाठीचं दुखणं घेऊन. आता शिकवते. आम्ही भेटतो, बोलतो. त्या सकाळचा विषय ना तिने कधी काढला, ना मी.

मी सहा वर्षं नाचले नाही. मग पिंपरीत एका शाळेच्या हॉलमध्ये मुली शिकवायला लागले, आणि त्या मुलींच्या पहिल्या कार्यक्रमात मी काहीतरी करावं अशी त्यांनी गळ घातली. माझ्याजवळ दुसरं काय होतं? बाईंवरचा राग तसाच होता. तो आजही आहे, आणि तो जावा असं मला वाटत नाही. पण या वेळी मी आधी घरी गेले. आई निवडटिपण करत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हटलं, आई, तो शोभाक्काचा नाच मी पुन्हा करू का?

अक्काचं नाव त्या खोलीत मी कितीतरी वर्षांनी उच्चारलं होतं. आईने वर पाहिलं नाही. सूपभर तांदूळ तिने आधी निवडून संपवले.

"कर," ती म्हणाली. "पन हात पुसू नगंस."